नाकाचं दुसरं ऑपरेशन: सर्जन निवडताना नेमकं पाहायचं काय?

इन्स्टाग्राम उघडलं की कोणाचं ना कोणाचं नाक बदलून राहिलेलं असतं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मागे गाणं, तीस सेकंदात खेळ खलास. ज्यांचं नाक पहिल्या ऑपरेशननंतर वाकडंच राहिलं, किंवा दिसायला ठीक झालं पण रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागते, ती माणसं त्या रीलमध्ये येत नाहीत. ती रात्री उशिरापर्यंत गूगल करत बसतात आणि सकाळी ओळखीच्या कोणाला तरी विचारतात, की आपल्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेत कोणी चांगला आहे का, की सरळ मुंबईच गाठावी?

आमच्या घरात ही केस होऊन गेली आहे, मावसबहिणीची, पहिलं ऑपरेशन बाहेरगावी झालेलं. तिच्यासोबत फाइल धरून मी बऱ्याच ओपीडीत बसलो, म्हणून लोक मला विचारतात. मी डॉक्टर नाही, आणि कोणत्या डॉक्टरकडे जा हे मी सांगणारही नाही. डॉक्टरसमोर बसल्यावर काय पाहायचं, काय विचारायचं, आणि त्याचं उत्तर ऐकून काय समजायचं, एवढंच सांगतो.

रिव्हिजन म्हणजे काय, आणि ते पहिल्यापेक्षा अवघड काहून?

नाकाचा आकार किंवा श्वासाची वाट सुधारायच्या ऑपरेशनला ऱ्हायनोप्लास्टी म्हणतात. ते एकदा झाल्यावर पुन्हा करावं लागलं तर ती रिव्हिजन. वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे वेगळे आहेत, पण साधारण 100 पैकी 5 ते 15 जणांना पुन्हा टेबलवर जावं लागते असं धरतात. त्यामुळे तुमचं बिघडलं म्हणजे पहिला डॉक्टर चोरच होता असं लगेच समजू नका, चांगल्या हातांकडूनही हे होते.

नाकाचा वरचा भाग हाडाचा असतो आणि खालचा बराचसा भाग कार्टिलेजचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वर जे लवचिक-कडक लागते न, ते. मधोमध उभा पडदा असतो, त्याला सेप्टम म्हणतात. घरी आपण 'नाकाचं हाड वाढलं' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हा पडदाच एका बाजूला वाकलेला असतो. नाकाला दुरुस्तीसाठी लागणारं सगळ्यात सोयीचं मटेरियलही याच पडद्यातून मिळते, सरळ, पातळ आणि हाताशी.

आता ब्लाउज बिघडला की टेलर काय करतो? पहिले आतून उलटा करतो आणि माया किती सोडली आहे ते पाहतो. माया असली तर सैल करून देतो, नसली तर दुसरं कापड आणा म्हणतो. नाकाचंही तसंच आहे. पहिल्या सर्जननं पडद्यातून कार्टिलेज काढून वापरलं असेल, किंवा 'हाड वाढलंय' म्हणून काढून टाकलं असेल, तर आत माया राहिलेली नसते. त्यातही पडद्याची वरची आणि पुढची कड, निदान 1 सेंटीमीटर रुंदीची, इंग्रजी एल अक्षरासारखी पट्टी ठेवावीच लागते कारण सगळं नाक तिच्यावर उभं असते. ती जास्त कापली गेली की काही महिन्यांनी नाक मधून बसते. याला सॅडल नोज म्हणतात.

शिवाय आत व्रण तयार झालेला असतो. पहिल्या वेळेस कातडी, त्याखालचा थर, कार्टिलेज हे सगळं सुटं करता येते, दुसऱ्या वेळेस ते एकमेकांना चिकटून बसलेलं असते. कातडीचा रक्तपुरवठाही आधीसारखा राहिलेला नसतो. म्हणून वेळ जास्त लागतो, रिस्क जास्त असते, आणि किती सुधारेल याचा अंदाज कमी पक्का असतो. जो सर्जन तुम्हाला 'छोटंसं टचअप आहे, अर्ध्या तासात होऊन जाईल' म्हणतो त्याला विचारा की आत काय शिल्लक आहे. खरंच कधी कधी छोटं काम असते, हाडाचा एखादा टोचणारा कंगोरा घासायचा वगैरे. पण ते तपासून सांगितलं पाहिजे, खुर्चीत बसल्या बसल्या नाही.

पहिले हे ठरवा की वेळ झाली आहे का

साधारण 1 वर्ष थांबायला सांगतात आणि लोकांना हेच पटत नाही. सूज बाहेरून दोन-तीन आठवड्यांत उतरल्यासारखी वाटते पण नाकाच्या शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी जाते, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांची नाकाची कातडी जाड असते, जाड कातडीत वर्षाच्या वरही वेळ जातो. आत व्रण कच्चा असताना पुन्हा उघडलं तर सर्जनला खरा आकार दिसतच नाही. डिसेंबरमध्ये लग्न आहे म्हणून ऑगस्टमध्ये करून टाका, हा हिशोब इथे चालत नाही.

अपवाद आहेत. पू झाला, आत टाकलेलं सिलिकॉनचं इम्प्लांट कातडीतून डोकावायला लागलं, श्वास एकदमच बंद झाला, तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं.

आणि मोबाइलच्या फोटोवरून निर्णय घेऊ नका. 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशोब करून दाखवलं की चेहऱ्यापासून साधारण 1 फुटावरून घेतलेल्या सेल्फीत नाक 5 फुटांवरून घेतलेल्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्के रुंद दिसते. म्हणजे तुम्ही ज्या नाकावर रात्र रात्र रडून राहिले ते समोरच्या माणसाला दिसतच नाही. कोणाला तरी 5 फुटांवर उभं करा, खिडकीजवळच्या उजेडात फोटो काढायला लावा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, मग पाहा.

जुने कागद मागून घ्या, लाजू नका

दुसऱ्या सर्जनसाठी सगळ्यात कामाचा कागद म्हणजे पहिल्या ऑपरेशनची नोट. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'सेप्टोऱ्हायनोप्लास्टी केली' एवढं लिहिलेलं असते, ते पुरत नाही. ऑपरेशन नोटमध्ये काय कापलं, काय जोडलं, कुठून घेतलं, इम्प्लांट टाकलं तर कोणत्या कंपनीचं, हे असायला पाहिजे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या नियमांप्रमाणे पेशंटनं रेकॉर्ड मागितलं की डॉक्टरनं 72 तासांत द्यायचं असते, आणि उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ते सांभाळून ठेवायचं असते. म्हणून उशीर करू नका. लेखी अर्ज द्या, कॉपीवर पोच घ्या. भांडणाच्या सुरात जायची गरज नाही, 'पुढच्या उपचारासाठी पाहिजे' एवढं लिहिलं की झालं.

कागद मिळालेच नाहीत तरी काम अडत नाही, अनुभवी सर्जन हातानं चाचपून बराच अंदाज घेतो. पण नोट पाहायची इच्छाच न दाखवणारा सर्जन मला तरी खटकतो.

ईएनटीवाला की प्लास्टिक सर्जन?

यावर दोन्ही बाजूंचे डॉक्टर तासभर बोलू शकतात. थोडक्यात असं की प्लास्टिक सर्जन म्हणजे जनरल सर्जरीचं एमएस करून त्यावर एमसीएच किंवा डीआरएनबी प्लास्टिक सर्जरी केलेला माणूस. ईएनटी म्हणजे कान-नाक-घशात एमएस किंवा डीएनबी, आणि त्यातले काही जण पुढे चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीची फेलोशिप करतात. दोघंही नाक करतात, दोघांतही उत्तम लोक आहेत आणि दोघांतही वर्षातून दोनच नाकं करणारे आहेत. पाटीवर जाऊ नका, तो माणूस रिव्हिजन नियमित करतो का आणि श्वास व आकार दोन्हीबद्दल बोलतो का हे पाहा. नुसत्या आकाराबद्दल बोलणारा अर्धं काम करतो, नुसत्या श्वासाबद्दल बोलणारा उरलेलं अर्धं.

पण 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' किंवा 'एस्थेटिक एक्स्पर्ट' ही पाटी म्हणजे सर्जनची डिग्री नाही, बाकी सगळे वाद बाजूला ठेवा, इथे वाद नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव किंवा रजिस्ट्रेशन नंबर टाकून पाहता येते, नॅशनल मेडिकल कमिशनचं देशभराचं रजिस्टरही ऑनलाइन आहे. पाच मिनिटांचं काम आहे. आपण फ्रिज घेताना यापेक्षा जास्त तपास करतो बाप्पा.

ओपीडीत डॉक्टर काय करतो ते पाहा

मला सगळ्यात जास्त इथेच समजलं. काही ठिकाणी सर्जननं बहिणीच्या नाकाला हातही लावला नाही, लॅपटॉपवर फोटो फिरवून 'असं करून देऊ' म्हटलं. एका ठिकाणी डॉक्टरनं पहिले पाऊण तास फक्त ऐकून घेतलं आणि तपासलं, बोलला नंतर.

नीट तपासणी म्हणजे काय, तर नाकाचा शेंडा बोटानं दाबून आधार किती आहे ते पाहणं. हाडाच्या कडा चाचपणं. आत लाइट टाकून, गरज पडली तर दुर्बीण घालून पडदा पाहणं, आणि कापूस लावलेली काडी पडद्यावर टेकवून कुठे कार्टिलेज आहे नि कुठे नुसती पातळ कातडी उरली आहे ते शोधणं. कानामागे चाचपणं, तिथलं कार्टिलेज आधीच घेतलंय का म्हणून. मग तुम्हाला जोरात श्वास घ्यायला लावून नाकाच्या बाजू आत ओढल्या जातात का ते पाहणं. काही जण गाल बाहेरच्या बाजूला हलका ओढून विचारतात, आता बरं वाटते का? बरं वाटलं तर नाकाचा आतला सगळ्यात अरुंद भाग, ज्याला व्हॉल्व्ह म्हणतात, तो दबलाय असा संशय येतो. पहिल्या ऑपरेशनमध्ये नाकाचा उंचवटा घासून काढला आणि बाजूच्या कार्टिलेजला पुन्हा आधार दिला नाही की हे होते. मग कार्टिलेजच्या दोन पातळ पट्ट्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसवून वाट मोकळी करतात, त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. ग्राफ्ट म्हणजे तुमच्याच अंगातून काढून दुसरीकडे लावलेला तुकडा.

हे सगळं झाल्यावर सर्जननं तुम्हाला सोप्या भाषेत सांगायला पाहिजे: तुमच्या नाकात हे हे बिघडलंय, यातलं हे सुधारेल, हे थोडं सुधारेल, आणि हे बहुतेक असंच राहील. ते तिसरं वाक्य ज्याच्या तोंडून येते त्याच्याकडे मी दुसऱ्यांदा जाईन.

कॉम्प्युटरवर नवीन नाक दाखवतात त्याला काही अर्थ नाही असं नाही. तुम्हाला काय पाहिजे नि डॉक्टरला काय समजलं, हे जुळवायला ते चांगलं आहे. पण सॉफ्टवेअरला व्रण माहीत नसतो, जाड कातडीही माहीत नसते.

'कार्टिलेज कुठून आणणार?' हा प्रश्न विचाराच

एकच प्रश्न विचारायची परवानगी असती तर मी हा विचारला असता. पडद्यात माया नसली तर पर्याय दोन, कान आणि बरगडी. कानाच्या वाटीतून घेतलेलं कार्टिलेज मऊ आणि वळलेलं असते, शेंड्याला, छोट्या खळग्याला छान, पण बसलेल्या नाकाचा कणा त्यानं उभा राहत नाही. त्याला बरगडी लागते. बरगडीचं कार्टिलेज भरपूर आणि मजबूत असते, पण छातीवर काही सेंटीमीटरचा व्रण येतो, काही दिवस हसताना-खोकताना दुखते, तुकडा पुढे थोडा वाकू शकतो, आणि क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते. वय वाढलं की त्यात कॅल्शियम साचून ते कडक होते, म्हणून चाळिशीच्या पुढच्यांना बरेच सर्जन आधी सीटी स्कॅन करायला सांगतात.

आता ऐका, प्रश्न विचारल्यावर सर्जन काय म्हणतो. 'कानातून घेऊ, आत गेल्यावर कमी पडलं तर बरगडीची तयारी ठेवू, तुमची दोन्हीसाठी सही घेऊ' असं म्हणाला तर त्यानं विचार केलाय. 'आपण सिलिकॉन टाकून देऊ, काही काढायचीच गरज नाही' म्हणाला तर थांबा. इम्प्लांटचं ऑपरेशन सोपं असते, सर्जनसाठीही आणि तुमच्यासाठीही, जगात लाखो लोकांनी ते केलंय. पण ज्या नाकाची कातडी एकदा उघडून पातळ झाली आहे त्यात बाहेरची वस्तू टाकली की इन्फेक्शनचा आणि ती बाहेर यायचा धोका वाढतो, कधी कधी कित्येक वर्षांनी. आणि ज्यानं बरगडी कधी घेतलीच नाही तो तुम्हाला बरगडीची गरज नाही असंच सांगणार, यात त्याचा खोटेपणा असतो असं नाही, ज्याला जे येते ते तो करतो.

फोटोंवर किती विश्वास ठेवायचा?

सर्जनला म्हणा, रिव्हिजनच्या केसेस दाखवा, पहिल्या ऑपरेशनच्या नको. माझ्यासारखं नाक, माझ्यासारखी कातडी, निदान वर्षभरानंतरचे. दोन्ही फोटोंत उजेड सारखा पाहिजे, अंतर सारखं पाहिजे, खालून नाकपुड्यांचा फोटोही पाहिजे कारण वाकडेपणा तिथेच दिसतो. आधीच्या फोटोत उदास चेहरा आणि नंतरच्यात लिपस्टिक लावून हसू, असे फोटो मी मोजतच नाही. पेशंटच्या संमतीशिवाय फोटो दाखवता येत नाहीत हेही खरं आहे, म्हणून कोणी पाचच दाखवले तर लगेच संशय घेऊ नका. पण एक साधी केस, एक अवघड केस आणि एक मनासारखी न झालेली केस दाखवा म्हटल्यावर चेहरा कसा होतो ते पाहण्यासारखं असते.

'पहिला डॉक्टर फुकट करून देतो म्हणतो, मग?'

पुष्कळ जणांच्या मनात हेच असते. पहिल्या सर्जननं आत काय केलं ते त्यालाच सगळ्यात जास्त माहीत असते, हा त्याचा मोठा फायदा आहे. छोटं काम असेल, तो प्रामाणिकपणे बोलत असेल, आणि काय चुकलं हे स्वतः दाखवत असेल तर जरूर विचार करा. पण श्वास बंद झालाय, नाक बसलंय, बरगडी लागणार आहे, आणि तो म्हणून राहिलाय की 'तुमचा भ्रम आहे, छान तर दिसते', तर फी माफ असली तरी नाक तुमचंच पणाला लागणार आहे. दर वेळेस उघडलं की पुढची वेळ आणखी अवघड होते.

नागपुरात करावं की मुंबई-दिल्लीला?

आपल्याकडे एक न्यूनगंड आहे की मोठं काम म्हणजे मुंबई. जरा इतिहास पाहा, देशातल्या अगदी सुरुवातीच्या स्वतंत्र प्लास्टिक सर्जरी विभागांपैकी एक 1958 साली आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केला, आणि दुभंगलेल्या ओठ-टाळूची त्यांनी केलेली वर्गवारी आजही 'नागपूर क्लासिफिकेशन' म्हणून ओळखली जाते. तेव्हा गाव लहान नाही.

तरीही सरळ सांगतो, रिव्हिजनमध्येच मुरलेले सर्जन मोठ्या शहरांत जास्त आहेत कारण तिथे केसेस जास्त येतात. बरगडी लागणारं, दोनदा-तीनदा उघडलेलं नाक असेल तर एक मत बाहेरचं घ्याच. पण बाहेर करायचं ठरलं तर नंतरचं कोण पाहणार हे आधी लिहून घ्या. नाकावरचा स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, साधारण आठवड्यानं निघतो, तोवर तिथेच राहावं लागते. मग वर्षभर तपासण्या. काही जणांना सूज कमी करायला शेंड्याच्या वर स्टिरॉइडचं बारीक इंजेक्शन देतात, ते व्हिडिओ कॉलवर देता येत नाही. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा झाला म्हणून रात्री नाकातून रक्त आलं तर कोणी मुंबईला निघत नाही. इथला एखादा ईएनटी किंवा प्लास्टिक सर्जन आधीच बोलून ठेवा, बाहेरच्या सर्जननं त्याच्याशी फोनवर बोलायला तयार असलं पाहिजे. तयार नसेल तर ते पण उत्तरच आहे.

आणि आपलं ऊन. मे महिन्यात 45 डिग्रीत कोरड्या हवेत नाकात खपल्या धरतात, ताज्या व्रणावर ऊन पडलं की तो काळपट होतो. हाडं हलवली असतील तर काही आठवडे चष्मा-गॉगलचा भार नाकावर चालत नाही, तोंडावर घट्ट बसणारं हेल्मेट ओढून काढणं तर नाहीच नाही. थंडीच्या सुरुवातीला केलेलं बरं. खर्रा खाणाऱ्यांनी डॉक्टरला खरं सांगा, घरच्यांसमोर बोलता येत नसेल तर एकट्यात सांगा. तंबाखूतलं निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आवळते आणि दुसऱ्यांदा उघडलेल्या नाकाची कातडी त्यानं काळी पडून मरू शकते. ऑपरेशनच्या निदान महिनाभर आधीपासून नंतरच्या महिनाभरापर्यंत बंद, सिगरेटसकट.

खर्च आणि विमा

नुसतं 'एवढे लाख' असं तोंडी ऐकू नका. सर्जन, भूलतज्ज्ञ, ओटी, रूम, बरगडी घेतली तर वेगळं काही, आणि पुन्हा काही करावं लागलं तर कोण काय भरणार, हे लेखी घ्या. फक्त सौंदर्यासाठीच्या ऑपरेशनवर 18 टक्के जीएसटी लागतो, जन्मजात दोष किंवा अपघातानंतरच्या दुरुस्तीवर लागत नाही. विमा कंपन्याही कॉस्मेटिक कामाचे पैसे देत नाहीत, पण श्वास अडतो हे तपासणीत दिसत असेल तर पडद्याच्या कामाचा क्लेम होऊ शकतो, टीपीएला, म्हणजे विमा कंपनीतर्फे क्लेम पाहणाऱ्या एजन्सीला, आधी लेखी विचारा. खोटं डायग्नोसिस लिहून 'सगळं विम्यात बसवून देतो' म्हणणाऱ्याकडून लांब राहा, जो कागदावर खोटं लिहितो तो तुम्हालाही खरं सांगेल असं नाही.

स्वस्त म्हणून क्लिनिकच्या एका खोलीत करू नका. तीन-चार तासांची भूल असते, पूर्णवेळ भूलतज्ज्ञ आणि जवळ आयसीयू पाहिजेच.

'ऑपरेशन नको, फिलर मारून सरळ करून घेऊ?'

एकदा ऑपरेशन झालेल्या नाकात फिलर म्हणजे मला सगळ्यात जास्त भीती वाटणारी गोष्ट. इंजेक्शननं जेल भरतात, पंधरा मिनिटांत खळगा भरतो, खरं आहे. पण ते चुकून रक्तवाहिनीत गेलं किंवा तिच्यावर दाब आला तर कातडी मरते, आणि क्वचित कायमचं आंधळेपण आल्याच्या केसेस आहेत. ऑपरेशननंतर रक्तवाहिन्यांची जागा बदललेली असते म्हणून धोका आणखी वाढतो. कोणी करतच असेल तर तो सर्जन असावा, आणि जेल विरघळवणारं औषध त्याच टेबलवर उघडायला तयार असावं. पार्लरमध्ये तर विषयच नको.

आणि सर्जननंच नाही म्हटलं तर?

राग येतो. पैसे घेऊन यायला तयार असलेल्या माणसाला कोणी नाही काहून म्हणेल? पण कातडी फार पातळ झाली असेल, मिळणारा फायदा धोक्यापेक्षा कमी असेल, किंवा तुमची अपेक्षा कोणत्याच चाकूनं पूर्ण होणारी नसेल, तर प्रामाणिक सर्जन नाहीच म्हणतो. कधी तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगतो. याचा अर्थ तुम्हाला वेडं ठरवलं असा नाही. काही जणांना छोट्याशा दोषाचा दिवसभर ध्यास लागतो, आरसा सुटत नाही, कॉलेज-ऑफिस सुटते. या आजाराला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात, त्याला औषध आणि समुपदेशन आहे, आणि त्यात ऑपरेशन केलं की ध्यास बहुतेक कमी होत नाही.

नाही ऐकल्यावर दुसरं मत घ्या, तिसरंही घ्या, तोच सगळा सेट सोबत नेऊन: ऑपरेशन नोट, ऑपरेशनच्या आधीचे जुने फोटो, आताचे फोटो, सीटी असेल तर सीडी. पहिला डॉक्टर काय म्हणाला ते दुसऱ्याला आधी सांगू नका, त्याचं ऐकून झाल्यावर सांगा. दोघांनी वेगवेगळं बसून तीच कारणं सांगितली तर ऑपरेशनचे पैसे वाचले समजा. तिसरा कोणी 'ते दोघं घाबरले, मी करून देतो' म्हणाला तर त्याला वर लिहिलेला कार्टिलेजचा प्रश्न विचारा, आणि उत्तर घरी येऊन कागदावर लिहून काढा.